जुना ट्रेंचकोट घेताना

ट्रेंचकोट घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. आपल्याकडच्या जुलैच्या पावसासाठी हा कोट नाही. बुवापाड्यातून अंबरनाथ स्टेशन गाठेपर्यंत तो भिजून जड होईल आणि दमट हवेत दिवसेंदिवस वाळणार नाही. त्या पावसाला छत्री आणि साधा रेनकोटच बरा. ट्रेंचकोट जन्मला तो रिमझिम आणि बोचऱ्या वाऱ्याच्या मुलखात. म्हणून शिकायला जर्मनीला किंवा आयर्लंडला निघालेल्या मुलामुलींनी तो घ्यावा, थंडीत हिमाचलला जाणाऱ्यांनी घ्यावा. जानेवारीत पहाटेची लोकल पकडणाऱ्यांनाही तो उपयोगी पडतो, कारण मुंबईच्या परिसरात थंडी पडली की बदलापूर-अंबरनाथकडचा पारा शहरापेक्षा बराच खाली उतरतो. आणि ज्याला चांगलं कापड, चांगली शिवण बघून आनंद होतो, त्याला दुसरं कारण लागतच नाही.

जुना कोट पारखायला आपल्या भागाइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत ज्यांनी वर्षानुवर्षं मशीन चालवलं, असे कारागीर आपल्या शेजारीपाजारी राहतात. जीन्सचं डेनिम आणि ट्रेंचकोटचं गॅबर्डिन ही दोन्ही ट्विल विणीची कापडं. दोन्हींवर तिरकी रेघ दिसते. फरक असा की डेनिमचा ताणा रंगवलेला आणि बाणा पांढरा असतो, तर गॅबर्डिनमध्ये ताण्याचे धागे फार दाट बसवलेले असतात, त्यामुळे रेघ बारीक आणि चढी दिसते. थॉमस बर्बरी या इंग्रज कापडवाल्याने १८७९ मध्ये हे कापड तयार केलं आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सूत विणण्याआधीच त्यावर पाणी अडवणारी प्रक्रिया करायची, मग दाट विणायचं, ही त्याची युक्ती. त्याआधीचे पावसाळी कोट रबर लावलेल्या कापडाचे असत. ते पाणी रोखत, पण आत घामाने माणूस उकडून निघे. गॅबर्डिनमधून हवा खेळते. अ‍ॅमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तेव्हा त्याच्यासोबत या कापडाचा तंबू होता.

तेव्हा पहिली पायरी कापडाची. कोट हातात आला की लेबल शोधू नका, उजेडात न्या. खिशाच्या झाकणाजवळचं कापड चिमटीत धरून तिरकी रेघ बघा. ती सलग आणि सारखी हवी. मग कोट खिडकीसमोर धरा. पाठीवर किंवा बाहीच्या कोपराशी उजेड जास्त आरपार येत असेल तर तिथलं कापड झिजलं आहे. विकणाऱ्याला विचारून एक थेंब पाणी टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर छानच, पण लगेच शोषला गेला तरी कोट वाया गेला असं समजू नका. जुन्या कोटाची ती प्रक्रिया धुण्याने उतरते आणि स्प्रेने काही प्रमाणात परत देता येते. विरलेलं कापड मात्र परत येत नाही.

रबर लावलेला जुना कोट समोर आला आणि तो चिकट लागत असेल किंवा घडीवर तडकलेला असेल, तर कितीही देखणा असला तरी खाली ठेवा. आपल्या हवेत तो टिकायचा नाही.

दुसरी पायरी रचनेची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी आपला पोशाख स्वतःच्या पैशाने शिवून घेत. बर्बरी आणि अ‍ॅक्वास्क्युटम या दोन्ही लंडनच्या दुकानांनी त्यांच्यासाठी हे कोट पुरवले आणि जनकत्वाचा दावा दोन्ही कंपन्या करतात. कोटावरची प्रत्येक पट्टी कामासाठी होती. खांद्यावरच्या पट्ट्यांवर हुद्द्याची चिन्हं लागत. छातीच्या एका बाजूचा जादा पदर बटण लावल्यावर समोरची फट झाकतो, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारं पाणी आत शिरत नाही. पुरुषांच्या कोटात तो उजवीकडे असतो, बायकांच्या कोटात डावीकडे. पाठीवरचा मोकळा पदर पाणी खाली ओघळून टाकतो. मनगटाचे पट्टे आवळले की बाहीत वारा जात नाही. मागच्या चिरेत आत दुमडलेली जादा पट्टी असते. तिच्यामुळे मोठी ढांग टाकता येते आणि बटण लावलं की पाय झाकलेले राहतात. पट्ट्यावरच्या धातूच्या कड्या हातबॉम्ब अडकवायला होत्या, ही कथा फार सांगितली जाते. तिच्यावर भरवसा ठेवून जादा पैसे मोजू नका.

हे सगळं वाचून पाठ करण्यापेक्षा कोटावर करून बघा. छातीचा पदर खरंच बटणाला पोहोचतो का? मनगटाचा पट्टा सरकतो का? मागची पट्टी उघडते का? नाटक-सिनेमाला पोशाख पुरवणाऱ्या ड्रेसवाल्यांकडून बाहेर पडलेले कोट कधीकधी विकायला येतात. लांबून ते अगदी पडद्यावरच्या डिटेक्टिव्हसारखे दिसतात, पण पदर नुसता शिवून टाकलेला, काज खोटी आणि कापड पातळ असतं. हौसेला ते चालतील, थंडीला नाही.

आता अस्तर उलटा. माझ्या मते कोटाचा खरेपणा इथेच कळतो. आत शिवणीला माया किती सोडली आहे, टाके किती बारीक आहेत, काज हाताने भरल्यासारखी दाट आहे का, हे आपला कारागीर मिनिटभरात सांगेल. चौकटीचं अस्तर असेल तर शिवणीवर चौकटी जुळतात का ते बघा. घाईच्या नकलेत त्या हमखास चुकतात.

एवढं झाल्यावर लेबल. लेबल टाचणं किती सोपं असतं हे आपल्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको, म्हणून त्याला साक्षीदार समजा, न्यायाधीश नव्हे. तरी त्यावरून वय काढता येतं. बर्बरी कंपनीचं नाव जुन्या कोटांवर ‘बर्बरीज’ असं येतं. शेवटचा ‘ज’ १९९९ च्या सुमारास गेला. म्हणजे विकणारा १९७० चा कोट म्हणतोय आणि लेबलावर नुसतं ‘बर्बरी’ आहे, तर काहीतरी जुळत नाही. आतल्या लोकरी अस्तरावर वूलमार्कचं चिन्ह असेल तर ते १९६४ नंतरचं, कारण ते चिन्हच त्या वर्षी आलं. ‘लंडन फॉग’ हे नाव ऐकायला इंग्रजी असलं तरी कंपनी अमेरिकेतली. १९५४ मध्ये तिने पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचा कोट काढला. हा कोट सहज धुता येतो, सुरकुततो कमी आणि मोठ्या नावांपेक्षा स्वस्तात मिळतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने याच जातीचा शोधावा, असं मी आग्रहाने सांगेन.

मापाला खांदा धरू नका. बहुतेक ट्रेंचकोटांची बाही कॉलरपासून तिरपी निघते, खांद्यावर शिवणच नसते. काखेपासून काखेपर्यंत, कॉलरच्या मध्यापासून मनगटापर्यंत आणि मागची लांबी, अशी तीन मापं घ्या आणि घरातल्या नीट बसणाऱ्या जाकिटाशी ताडून बघा. आत स्वेटर येणार आहे हे धरून दीड-दोन इंच सैल ठेवा. लांबी कमी करता येते, बटणं बदलता येतात, अस्तर नवं घालता येतं, कॉलरची घासलेली कड रफूगार सावरतो. तिरप्या बाहीचा खांदा आवळणं मात्र चांगल्या शिंप्यालाही जड जातं. खांद्यात ढगळ कोट ‘करून घेऊ’ म्हणून कधीच उचलू नका.

मिळणार कुठे? आधी घरातच. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत नोकरी केलेल्यांच्या, लष्करातून किंवा बोटीवरून निवृत्त झालेल्यांच्या ट्रंका उघडायला लावा. दिवाळीच्या आवराआवरीत बोहारणीच्या गाठोड्यात गेलेला कोट स्टीलच्या पातेल्याच्या मोलाने जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. अशा ट्रंकेत बहुधा जाड लोकरीचा ग्रेटकोट निघेल. ज्या जागेवर १९४९ मध्ये उल्हासनगर वसलं, त्या कल्याण कॅम्पच्या काळातल्या साध्या शिपायाला तोच मिळे. ट्रेंचकोट अधिकाऱ्याचा. ग्रेटकोटही मोलाचा आहे, फक्त तो ट्रेंचकोटच्या भावात घेऊ नका.

बाहेर शोधायचं तर मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर फेरी मारावी. इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारी मंडळीही आता पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून कॉलरची आतली बाजू, काखा, मनगटाची कड, अस्तर आणि मागची चीर यांचे दिवसाच्या उजेडातले फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवण्याच्या फंदात पडू नका, जुन्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत आणि पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. लंडन किंवा न्यू जर्सीहून कुणी नातेवाईक येणार असेल तर त्यालाच अंगावर घालून आणायला सांगा. आणि परदेशी शिकायला निघालेल्यांनी तर तिथल्या धर्मादाय दुकानांतच घ्यावा, इथून ओझं नेऊ नये.

भाव करताना दोष बोट ठेवून दाखवा: तुटलेलं बटण, हरवलेला पट्टा, फाटलेलं अस्तर. दुरुस्तीचा खर्च आधी आपल्या शिंप्याला विचारलेला असला की घासाघीस सोपी जाते. हरवलेला कमरपट्टा ही मोठी वजावट आहे, कारण त्याच रंगाचं विटलेलं कापड नव्याने मिळत नाही. कुबट वास दोन-तीन उन्हांत जातो, पण काळ्या ठिपक्यांची बुरशी कापडात मुरलेली असते आणि ती निघत नाही.

घरी आणल्यावर सुती गॅबर्डिनचा कोट ड्रायक्लीनलाच द्या. जीन्सच्या धुलाईतली रसायनं त्याला अजिबात लावू नका. रुंद हँगरवर टांगून वर जुन्या सुती साडीची खोळ घाला. प्लास्टिकचं कव्हर नको, आत दमटपणा कोंडतो. लोकरीचं अस्तर सुटं होत असेल तर ते काढून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत वेगळं ठेवा. पावसाळ्यात कपाट भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा आणि महिन्यातून एकदा कोट पंख्याखाली उघडा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सकाळी तासभर गच्चीवर टांगा, पण उलटा करून, अस्तर बाहेर ठेवून, म्हणजे रंग विटत नाही. त्याच वेळी सगळी बटणं ओढून बघा आणि सैल झालेली लगेच घट्ट करून घ्या. थंडी यायला अजून दोन महिने असतात.