फुकटची वीज येणार कुठून?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मोटर जनरेटर फिरवते, जनरेटर मोटरला वीज देतो, अशी बिनबिलाची गिरणी घ्यायला गटातून कर्ज काढू का?"

आधी हे बघू. जात्यावर दळताना ताकद येते भाकरीतून, गिरणीत विजेतून. ३ एचपीची मोटर पूर्ण चालली तर तासाला २ ते ३ युनिट वीज घेते. त्यातली काही मोटर तापण्यात, आवाजात जाते. म्हणून जनरेटरमधून परत मिळणारी वीज कमीच भरते. दळण तर लांबच. सोलरलाही ऊन लागतंच. ऊर्जा रूप बदलते, शून्यातून तयार होत नाही.

विकणाऱ्याला एकच विचारा: "ऊर्जा येते कुठून?" पटणारं उत्तर नसेल तर गटाचा एक रुपयाही देऊ नका.