मैदान कशाचे असावे? माती, गवत की प्लॅस्टिक?

धाराशिव जिल्ह्यातील अनेक गावांत संध्याकाळी शाळेच्या मैदानावर एक ओळखीचे दृश्य दिसते. पाणी मारून दाबलेली माती, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा, दोन टोकांना दोन खांब आणि मधल्या पाटीवर एकाआड एक तोंडे फिरवून बसलेले आठ खेळाडू. खो-खो हा या जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा खेळ आहे. येथील सारिका काळे यांनी २०१६ साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले. त्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढे २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता दुसरे दृश्य पाहा. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली. ही स्पर्धा मातीवर झाली नाही. छपराखालच्या सभागृहात अंथरलेल्या मॅटवर ती खेळली गेली. म्हणजे सराव मातीवर आणि मोठी परीक्षा मॅटवर, अशी आपल्या मुलामुलींची स्थिती आहे. फुटबॉल आणि हॉकी खेळणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. मग आपल्याही गावात मातीऐवजी प्लॅस्टिकचे मैदान करावे काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ हौसेने देता येणार नाही. त्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे गणित लागेल.

प्लॅस्टिकचे गवत कोठून आले?

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९६५ साली बेसबॉलसाठी एक प्रचंड बंदिस्त क्रीडागार उघडले. त्याचे नाव ॲस्ट्रोडोम. छपराला पारदर्शक तावदाने होती आणि आत खरे गवत लावले होते. परंतु तावदानांमधून येणाऱ्या तिरपेमुळे खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगवली गेली. झाले! गवताला पुरेसा प्रकाश मिळेना. प्रकाशसंश्लेषण मंदावले आणि गवत मेले. तेव्हा १९६६ साली तेथे नायलॉनच्या धाग्यांचे गवत बसवले गेले. या क्रीडागारावरूनच ते ‘ॲस्ट्रोटर्फ’ म्हणून प्रसिद्ध झाले.

ऑलिंपिकमधील हॉकी १९७६ साली माँट्रियल येथे प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली. १९७५ चा विश्वचषक जिंकणारा आपला संघ तेथे सातवा आला. या अपयशाची कारणे अनेक होती. तरीही नैसर्गिक गवतावर घोटलेले कौशल्य नव्या पृष्ठभागावर जसेच्या तसे उपयोगी पडत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

फुटबॉलमध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या संघाने १९८१ साली आपल्या मैदानावर असे गवत बसवले. त्या काळच्या आखूड, वाळू भरलेल्या गवतावर चेंडू फार उंच उसळे आणि घसरून पडले की कातडी सोलवटून निघे. १९८८ साली त्यांनी ते काढून टाकले. नंतर निघालेल्या गवताची पाती सुमारे ५० ते ६० मिलिमीटर लांब, मऊ पॉलिएथिलीनची असतात. पात्यांच्या मधल्या जागेत वाळू आणि जुन्या टायरांचे बारीक रबरी कण भरतात. खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या लहान संघांना हे गवत सोयीचे वाटले. कारण खरे गवत रोजच्या खेळाने तुडवले जाते. प्लॅस्टिकचे गवत मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत वापरता येते आणि शाळांना व मंडळांना भाड्याने देऊन पैसेही मिळतात. पण गंमत अशी की हॅरोगेट टाउन (२०२०) आणि सटन युनायटेड (२०२१) हे इंग्लंडमधील दोन लहान संघ वरच्या श्रेणीत चढले, तेव्हा तेथील नियमांमुळे त्यांना आपले प्लॅस्टिकचे मैदान उखडून खरे गवत लावावे लागले!

आपल्याकडे मुंबईच्या कूपरेज मैदानावर आणि गोव्यात म्हापशाच्या धुळेर स्टेडियममध्ये असे गवत बसवले गेले आणि तेथे फुटबॉलचे अनेक सामने झाले. या दोन्ही ठिकाणी पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि त्याने होणारा चिखल ही अडचण आहे. धाराशिवची अडचण नेमकी उलट आहे.

चेंडू किती उसळतो?

मैदान चांगले की वाईट हे मोजता येते. जागतिक फुटबॉल संघटना, म्हणजे फिफा, कृत्रिम मैदानांची जी परीक्षा घेते तिचा एक भाग अगदी सोपा आहे. चेंडू २ मीटर उंचीवरून सोडायचा आणि तो किती उसळतो ते पाहायचे. वरच्या दर्जाच्या मैदानावर तो ६० ते ८५ सेंटिमीटर उसळला पाहिजे. सर्वसाधारण वापराच्या मैदानावर १ मीटरपर्यंत चालते.

याचा अर्थ काय? उंची ही चेंडूच्या स्थितिज ऊर्जेच्या प्रमाणात असते. २ मीटरवरून पडलेला चेंडू ६० सेंटिमीटर उसळला, तर त्याची ३० टक्के ऊर्जा परत मिळाली. उरलेली ७० टक्के चेंडूच्या आणि जमिनीच्या दबण्यात खर्ची पडली. उन्हाने दगडासारखी टणक झालेली जमीन फारशी दबत नाही. तेथे चेंडूला अधिक ऊर्जा परत मिळते आणि तो खेळाडूच्या डोक्यावरून निघून जातो.

हा प्रयोग तुम्ही अवश्य करा. भिंतीवर खडूने दर १० सेंटिमीटरला खुणा करा. चेंडूचा तळ २ मीटरच्या खुणेशी धरा आणि न ढकलता सोडा. एका मित्राने डोळा उसळीच्या उंचीशी नेऊन खूण पाहावी. पाच वेळा करून सरासरी काढा. फरशी, मुरूम, पाणी मारलेली माती आणि सुकलेली माती यांवर एकच चेंडू, तेवढीच हवा ठेवून वापरा. चारही आकडे शेजारी शेजारी लिहिले की मैदान तुमच्याशी बोलू लागेल.

पाय आपटतो तेव्हा

जी गोष्ट चेंडूची तीच गुडघ्याची. समजा, ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा मुलगा ४५ सेंटिमीटर उंचीवरून जमिनीवर उतरला. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो आणि संवेग ५० × ३ = १५०. हा संवेग ०.०५ सेकंदात शून्य झाला, तर वजनाखेरीज सरासरी १५० ÷ ०.०५ = ३,००० न्यूटन बल लागते. थांबायला ०.१ सेकंद मिळाला, तर हेच बल १,५०० न्यूटन होते. वेळ दुप्पट, आघात निम्मा! गुडघे वाकवून उतरणे, भुसभुशीत मातीवर उतरणे आणि मॅटवर उतरणे या तिन्हींमागे हेच तत्त्व आहे.

मात्र मॅटचा एक दोषही लक्षात ठेवा. मातीवर सूर मारला की वरचे कण सरकतात, गडगडतात आणि घर्षणाची उष्णता त्यांच्यात वाटली जाते. प्लॅस्टिकचा पृष्ठभाग सरकत नाही आणि तो उष्णतेचा मंदवाहक आहे. म्हणून बरीचशी उष्णता कातडीकडेच राहते आणि चटका बसतो. तसेच मॅटवर पाय घट्ट पकडला जातो. वेगाने वळताना पाऊल अडकले आणि शरीर फिरले, तर गुडघ्याला पीळ पडतो. मातीवरचा खेळाडू मॅटवर एकदम उतरला की त्याच्या पायांना ही नवी पकड शिकावी लागते. त्यासाठी स्पर्धेपूर्वी मॅटवर सराव मिळणे आवश्यक आहे.

पाण्याचा हिशेब

मग खऱ्या गवताचे मैदान का करू नये? आता वही घ्या. फुटबॉलचे मैदान १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद धरू. क्षेत्रफळ ६,४०० चौरस मीटर. कोरड्या ऋतूत गवत हिरवे राखायला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते असे माना. ६,४०० × ०.००५ = ३२ घनमीटर, म्हणजे रोज ३२,००० लिटर. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या हिशेबाने एका मैदानाचे पाणी सुमारे ५८० माणसांना पुरेल. एका वाडीलाच म्हणा ना!

एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. तेवढे पाणी आपल्या या मैदानाने सोळा दिवसांत संपवले असते. गोव्याच्या साधारण पाव हिस्सा पाऊस पडणाऱ्या आणि वारंवार दुष्काळ पाहणाऱ्या जिल्ह्यात बारमाही हिरवळ किती महाग पडेल, ते या आकड्यांवरून कळते.

उन्हाचा हिशेब

पाणी लागत नाही, म्हणून प्लॅस्टिकचे गवत बरे, असे तुम्ही म्हणाल. थांबा, अजून एक हिशेब राहिला आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे २४ मेगाज्यूल सौर ऊर्जा पडते. खऱ्या गवतातून दिवसाला ५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ५ किलोग्रॅम पाण्याची वाफ होते. एका किलोग्रॅमला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. म्हणजे ५ × २.४ = १२ मेगाज्यूल. पडणाऱ्या उन्हापैकी निम्मी ऊर्जा वाफ करण्यातच खर्च होते! म्हणून हिरवळ पायांना थंड लागते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने.

प्लॅस्टिकचे पाते घाम गाळत नाही. सगळी उष्णता त्याच्यात आणि काळ्या रबरी कणांत साठते. अमेरिकेतील ब्रिगॅम यंग विद्यापीठात २००२ साली केलेल्या मोजमापांत, हवेचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असताना कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापलेला आढळला. पाणी शिंपडले की तो निवतो, पण थोड्याच वेळात पुन्हा तापतो. आपल्याकडील एप्रिल-मेची दुपार आठवा, म्हणजे अशा मैदानावर त्या वेळी मुलांना सोडणे का योग्य नाही ते सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. असे गवत साधारण दहा वर्षांत झिजते. मग त्याचे काय करायचे? रबरी कण पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात, शेतात जातात. ते मातीत कुजत नाहीत. याच कारणाने युरोपीय संघाने २०२३ साली अशा कणांच्या विक्रीवर, आठ वर्षांची मुदत देऊन, बंदी घालण्याचे ठरवले.

आपली माती काय म्हणते?

आता पायाखाली पाहू. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. त्याचे अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असून त्यांच्या फटींत पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते व भेगा पडतात. म्हणून काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पाय मुरगळणाऱ्या भेगा अशा दोन्ही बाजूंनी छळते. मुरूम हा बेसाल्ट खडक झिजून झालेला भरड पदार्थ. चांगल्या मुरुमात चिकणमाती कमी असल्याने तो फारसा फुगत नाही आणि पाणी खाली जाऊ देतो.

तुमच्या मैदानाची माती फुगते का, हे प्रयोगशाळेत पाहता येईल. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम घाला. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० मिलिलिटरपर्यंत भरा, ढवळा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलमधील मातीपेक्षा जितके जास्त, तितकी ती फुगणारी. (रॉकेल असल्याने हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि ज्योतीपासून दूर करावा.)

मग मैदान कसे असावे?

सर्व हिशेब एकत्र मांडले की असे दिसते. रोजच्या खेळासाठी आपल्याला सर्वांत परवडणारे मैदान मातीचेच, पण निगा राखलेले. वरची काळी माती काढून खाली मुरुमाचा दाबलेला थर, मध्यापासून कडांकडे हलका उतार, भोवती पाणी जाण्यास चर आणि वर चाळलेल्या मऊ मातीचा थर. आठवड्यातून एकदा खडे वेचणे, पाणी मारणे आणि रोलर फिरवणे हे काम विद्यार्थ्यांचे गट पाळीपाळीने करू शकतील. मोठ्या स्पर्धांच्या तयारीसाठी तालुक्याच्या ठिकाणी छपराखाली एक मॅट असावी आणि ती सर्व शाळांना वेळापत्रकाने मिळावी. प्लॅस्टिकचे गवत बसवायचेच असेल, तर ते एका संस्थेपुरते न ठेवता अनेकांनी मिळून वापरावे. सकाळी आणि संध्याकाळीच त्यावर खेळावे आणि ते झिजल्यावर कोठे जाणार हे बसवण्यापूर्वीच ठरवावे.

मॅटवर चमकणारा खेळाडू बहुधा आधी मातीवरच पळायला शिकतो. ती माती टणक, खडकाळ राहिली, तर कित्येकांचे गुडघे मॅटपर्यंत पोचण्याआधीच दुखावतील. म्हणून पहिली निगा तिची घ्यायला हवी.

करून पाहा

१. तुमच्या शाळेच्या मैदानाचे क्षेत्रफळ मोजा. त्यावर ५ मिलिमीटर पाणी मारायला किती लिटर लागतील?

२. चेंडू २ मीटरवरून सोडल्यावर ९० सेंटिमीटर उसळला. किती टक्के ऊर्जा परत मिळाली? हे मैदान फिफाच्या वरच्या दर्जात बसेल काय?

३. दुपारी दोन वाजता माती, सावलीतील गवत, सिमेंट आणि प्लॅस्टिकची चटई यांवर तापमापी ठेवून तापमान नोंदवा. फरकाचे कारण लिहा.