बॅरल किती लांब हवं?

सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पुढे त्यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आपल्या पनवेलमध्येच कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुरू झाला. त्यामुळे रायफलचा विषय हॉस्टेलवर अधूनमधून निघतोच. आणि प्रश्न ठरलेला: बॅरल जितकं लांब तितका नेम चांगला ना?

मलाही तसंच वाटायचं. आमच्या वर्गातल्या एकाने तर साठवलेले पैसे घालून लांबलचक बॅरलची रायफल घेतली. (ती घरी आहे, हॉस्टेलवर नाही. वॉर्डन सर वाचतील म्हणून आधीच सांगते!) नेम मात्र होता तसाच राहिला.

कारण साधं आहे. छर्‍याला फिरकी मिळते ती बॅरलमधल्या पिळदार खाचांमुळे, आणि तेवढ्यासाठी थोडी लांबी पुरते. स्पर्धेच्या एअर रायफलचं बॅरल साधारण ४२ सेंटीमीटरच असतं. छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने बाहेर पडतो. वेग एकसारखा वाढतो असं धरलं तर आत तो जवळजवळ ५ मिलिसेकंद असतो. तोच वेग ठेवून बॅरल ६० सेंटीमीटर केलं तर ७. ट्रिगर दाबल्यावर हात हलायला तेवढा जास्त वेळ मिळाला की!

मग त्या रायफली लांब का दिसतात? बॅरलच्या पुढे नुसती पोकळ नळी बसवलेली असते आणि तिच्या टोकावर पुढची साईट. खरी गंमत इथे आहे. दोन साईटमधलं अंतर ५० सेंटीमीटर असेल आणि पुढची साईट ०.१ मिलिमीटर चुकली, तर १० मीटरवर छर्रा २ मिलिमीटर सरकतो. म्हणजे १०.२ गुण. अंतर ७० सेंटीमीटर केलं की चूक १.४ मिलिमीटरवर येते, गुण १०.४. सुमाताईंच्या त्या ४०० च्या वेळी पूर्ण गुणच मोजत, दोन्ही दहाच धरले असते. आता मात्र दशांशावर पदकं जातात. अर्थात नळीही हवी तेवढी वाढवता येत नाही. मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून तोंडापर्यंत ८५० मिलिमीटर ही नियमाची हद्द आहे.

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं त्या ५० मीटरच्या पॉइंट टू टू रायफलचंही तसंच. तिची दारू साधारण ४० सेंटीमीटरमध्येच जळून जाते, पुढे घर्षणच जास्त.

लांब बॅरलचा खरा फायदा मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या रायफलीत. तिथे बॅरल हीच तरफ, त्यामुळे लांब असेल तर स्प्रिंग दाबायला जोर कमी लागतो. पण पुढचं वजन वाढतं. आमच्या मित्राचा डावा हात वीस छर्‍यांतच थरथरायला लागायचा. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. तेव्हा दुकानात जाण्याआधी क्लबची रायफल मागून घ्या, उभं राहून साठ वेळा उचला, आणि शेवटच्या दहा वेळा पुढची साईट किती हलते ते बघा.