'उपवास' : एक शब्द, दोन आचारपरंपरा

ख्रिस्ती मराठी साहित्याच्या अभ्यासात अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दच अधिक फसवे ठरतात. 'उपवास' हा त्यांपैकी एक. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या कॅथलिक प्रायश्चित्तकाळाचे वर्णन वाचताना मराठी वाचक त्या शब्दात नकळत एकादशीचा अर्थ भरतो.

एकादशीच्या रूढ आचारात धान्य वर्ज्य असते. साबुदाणा, वरी, रताळी चालतात. निर्जळी उपवास सोडल्यास तेथे प्रश्न 'किती खावे' यापेक्षा 'काय खावे' हा असतो. कॅथलिक परंपरा हे दोन प्रश्न वेगळे ठेवते. पोप पॉल सहावे यांच्या १९६६ च्या आदेशानुसार उपवास म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ अल्पाहार. 'वर्जन' म्हणजे मांसत्याग. अंडी, दूध, मासे त्यात निषिद्ध नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास आणि वर्जन दोन्ही पाळावयाचे असतात, तर इतर शुक्रवारी केवळ वर्जन. थोडक्यात, कॅथलिक उपवास हा आपल्या 'एकभुक्ता'ला जवळचा आहे आणि रूढ एकादशी ही त्या परिभाषेतील 'वर्जना'ला. चाळीस दिवसांची गणनाही अशीच समजून घ्यावी लागते. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६; त्यांतील सहा रविवार वगळले की ख्रिस्ताच्या अरण्यातील उपवासाशी जुळणारे ४० उरतात.

या अर्थभेदामागे इतिहासाचा ताणही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त पुराणाचा घाट, ओवी आणि 'वैकुंठ'सारखे शब्द निःसंकोच स्वीकारले. मात्र गोव्यातील इन्क्विझिशनच्या १७३६ च्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती गोमंतकीयांना एकादशीचा उपवास करण्यास मनाई केली. एकाच समाजाला एक उपवास धर्मकर्तव्य ठरला आणि दुसरा अपराध. शब्दांची देवाणघेवाण आचारांच्या समन्वयाची हमी देत नाही, हे येथे स्पष्ट होते.

तरीही दोन्ही परंपरांचा आहारनियम अंतिम साध्य मानण्यास विरोध आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपवास एकत्र येतात आणि तिन्ही गाजावाजा न करता आचरण्यास सांगितले जाते. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात भुकेल्याला भाकरी देणे हाच खरा उपवास ठरतो. 'उप' आणि 'वस्' या घटकांतून निष्पन्न होणारा 'जवळ राहणे' हा अर्थही याच दिशेने जातो. म्हणून संहितेत 'उपवास' शब्द आला की तेथे आहाराचे प्रमाण अभिप्रेत आहे, आहाराचा प्रकार की ईश्वराचे व शेजाऱ्याचे सान्निध्य, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरविता केलेले वाचन शब्दाशी परिचय दाखवील; संहितेशी नव्हे.