घोडी व्याली, वार पडली; पुढे काय?

धाराशिव जिल्ह्यात गाय-म्हैस व्याली की काय करायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शेळीचे तर विचारूच नका, उस्मानाबादी शेळी आमच्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाते. घोडी मात्र गावात एखाद्याच घरी, वरातीसाठी नाहीतर हौसेपोटी ठेवलेली. मेंढपाळांची तट्टे येतात, ती बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढे निघून जातात. त्यामुळे घोडी व्याली की शेजारीपाजारी सल्ला देतात तो गाईचा, आणि तिथेच घात होतो. गाईची वार बारा तास अडकली तरी माणसे सकाळची वाट बघतात. घोडीच्या बाबतीत तीन तास उलटले की डॉक्टर दारात पाहिजे.

आमची घोडी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेली. हलगीचा ठेका धरला की पुढचे पाय उचलायची. लग्नसराईत तुळजापूर, अणदूर, नळदुर्ग या पट्ट्यात तिला फुरसत नसायची. दुसऱ्या वेताला ती पहाटे व्याली. शिंगरू उठले, कासेला लागले, उजाडायच्या आत वारही पडली. कुत्र्यांनी ओढू नये म्हणून रीतीप्रमाणे ती उकिरड्यात पुरली. घरात आनंद होता, आणि काळजी करावी असे काही दिसतही नव्हते.

तिसऱ्या दिवशी तिने तोबऱ्यातली चंदी हुंगून सोडली. दुपारपर्यंत तिची उभे राहायची ढबच बदलली. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर. खुरावर तळहात ठेवला तर चटका बसावा इतके गरम. निरणातून काळपट तांबडे, सडका वास येणारे पाणी गळत होते आणि ताप १०४ च्या वर गेला होता. डॉक्टरांनी कोपरापर्यंत मोजा चढवून तपासले आणि गर्भाशयाच्या एका शिंगाच्या टोकातून तळहाताएवढा वारेचा तुकडा काढला. बाकीची वार पडली होती, तेवढाच आत राहिला होता. तो कुजला, त्यातले विष रक्तात गेले आणि थेट खुरांवर उतरले. याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे थर सुजतात आणि सुटू लागतात. गर्भाशय धुणे, अँटिबायोटिक, सूज उतरवणारी इंजेक्शने असा उपचार चालला. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून आम्ही तिचे पाय घमेल्यात बुडवून ठेवले. जीव वाचला, खूर मात्र कायमचे बिघडले. त्यानंतर ती वरातीला गेली नाही.

त्या तुकड्यापायी जे शिकायला मिळाले, ते घोडी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर घालतो.

पहिली गोष्ट घड्याळाची. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यायला लागावे, तीन तासांत वार पडावी. एक, दोन, तीन. यातले काहीही चुकले तर फोन करायचा. वार लोंबत असेल तर ओढायची नाही. तिला वीट किंवा चप्पल बांधायची रीत तर पार सोडून द्यावी, कारण वजनाने वार तुटते, आतून रक्तस्राव होतो, कधी गर्भाशयच बाहेर येते. घोडीचा पाय पडू नये म्हणून लोंबता भाग गुंडाळून वर गाठ मारून ठेवावा. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन किती आणि किती वेळा द्यायचे, ते डॉक्टरांनीच ठरवावे. जास्त झाले तर पोटात जोराची कळ येते.

दुसरी गोष्ट, वार पुरायची घाई करू नये. स्वच्छ ओल्या पोत्यावर ती पसरावी. एक अंग मखमलीसारखे तांबडे असते, दुसरे गुळगुळीत पांढुरके. नीट पसरली की दोन शिंगे दिसतात, एक मोठे जाड आणि एक लहान पातळ. दोन्हींची टोके पायमोज्याच्या टोकासारखी बंद असली पाहिजेत. शिंगरू बाहेर पडताना जिथून वार फाटते, ते एकच भोक तिला असावे. शंका आली तर आत पाणी ओतून बघावे. दुसरीकडून गळले की तिथला तुकडा कुठे गेला, याचा शोध घ्यावा. बहुतेक वेळा तुटते ते लहान शिंगाचे टोक. डॉक्टर येईपर्यंत वार झाकलेल्या बादलीत सावलीत ठेवावी.

तिसरी गोष्ट थर्मामीटर. विण्यानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजावा आणि भिंतीवर लिहून ठेवावा. मोठ्या घोड्याचा ताप साधारण ९९ ते १०१.५ फॅरनहाइट असतो. त्याच्या वर गेला, चंदी सोडली, खूर गरम लागले किंवा घाण वास आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. थोडा तांबूस स्राव पहिले काही दिवस येतोच. तो रोज कमी व्हावा आणि त्याला दुर्गंधी नसावी.

आता प्रतिकारशक्तीचे. विताना प्रत्येक घोडीच्या गर्भाशयात जंतू शिरतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना मारतात आणि गर्भाशय आकसून घाण बाहेर ढकलते. ही दोन्ही कामे एकमेकांवर अवलंबून आहेत. पाणी आत साचले तर पेशी कितीही लढल्या तरी पुऱ्या पडत नाहीत. म्हणून बाळंतीण घोडी दावणीला जखडून ठेवू नये. प्रकृती ठीक असेल तर दुसऱ्या दिवसापासून शिंगरासह मोकळ्या जागेत हळूहळू फिरू द्यावी. शिंगरू दूध ओढते तेव्हाही तिच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटते आणि गर्भाशय आकसते, म्हणून शिंगराला तिच्यापासून लांब बांधू नये.

शिंगराची गोष्ट आणखी निकडीची. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे पिलापर्यंत जात नाहीत. जन्मतः त्याची पाटी कोरी असते, जे मिळते ते चिकातूनच. आतडे ती प्रतिपिंडे शोषते तेही सुमारे पहिले २४ तास, आणि खरा जोर सुरुवातीच्या काही तासांत असतो. चीक काढून टाकणे किंवा वार पडेपर्यंत पिऊ न देणे म्हणजे शिंगराला उघड्यावर सोडणे. विण्याआधीच कासेतून चीक गळून गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्त तपासून प्रतिपिंडे पुरेशी आहेत का ते कळते. घोडीला धनुर्वाताची लस विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे दिली, तर ते संरक्षण चिकात उतरते. घोड्याच्या जातीला धनुर्वात फार लवकर धरतो. नाळेची जखम, खिळा आणि शेणकचरा, सगळे आपल्या गोठ्यात हाताशीच असते.

शेवटची गोष्ट लोभाची. घोडी विण्यानंतर पाच ते बारा दिवसांत पुन्हा माजावर येते आणि वळूवाला लगेच दाखवा म्हणतो. गर्भाशय पूर्ववत व्हायला मात्र साधारण पंधरा दिवस लागतात. बीज सुटल्यावर गर्भ पाच-सहा दिवसांनी गर्भाशयात उतरतो. दहाव्या दिवसानंतर बीज सुटले तरच त्याला बरी झालेली जागा मिळते. सोनोग्राफीत आत पाणी दिसले, वार अडकली होती किंवा वीत अवघड गेली असेल, तर हा माज सोडून द्यावा. पुढचा तीन आठवड्यांत येतोच. वरातीचेही तसेच. अंगावर पिणारे शिंगरू घरी बांधून घोडीला डीजेपुढे तासन्‌तास उभी करायची, हे आमच्याकडे बंद झाले. शिंगरू तोडेपर्यंत सुपारी घेत नाही.

घोडी गाभण राहिली की अकरा महिने हाताशी असतात. तेवढ्यात घोड्यावर हात बसलेला डॉक्टर शोधून ठेवा. शासनाचा १९६२ हा क्रमांक लावा, उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. घोड्या बहुधा रात्रीच वितात, म्हणून गाडीवाला आणि बॅटरी आधीच ठरलेली बरी. फोनवर चार गोष्टी सांगा: किती वाजता व्याली, वार किती वाजता पडली, पूर्ण आहे का आणि ताप किती. एवढे सांगितले की डॉक्टर कोणती औषधे घेऊन निघायचे, ते घरूनच ठरवतो.