स्क्रीन काळी झाली म्हणजे कार्ड जळाले असे नव्हे

घरातील कॉम्प्युटर ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. पेणमध्ये गणेशमूर्तींच्या कारखानदारांची बिले आणि कॅटलॉग, रोह्यात धाटाव एमआयडीसीतील कारखान्यांना द्यावयाची कोटेशने, प्रवेशाचे फॉर्म, लग्नपत्रिका, फोटोंचे काम, अशी कितीतरी कामे घरच्या एका टेबलावर होतात आणि त्यावर कुटुंब चालते. असा कॉम्प्युटर एखाद्या सकाळी सुरू होतो, पंखे फिरतात, दिवे लागतात. पण स्क्रीनवर काहीच येत नाही. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते हे की, ग्राफिक्स कार्ड गेले!

कार्ड ही कॉम्प्युटरमधील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक. ते 'गेले' असे गृहीत धरले की खर्च हजारांत जातो. शिवाय नवे कार्ड पाहण्यासाठी दिवा किंवा पनवेलमार्गे मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडला जायचे तर एक दिवसाची कमाई बुडते ती वेगळीच. म्हणून कार्डावर आळ घेण्यापूर्वी काय काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे या लेखात आम्ही पाहणार आहोत. क्रमाचे सूत्र एकच: फुकटची तपासणी आधी, स्वस्त वस्तू नंतर आणि महाग वस्तू सर्वांत शेवटी.

पावसाळ्यातच बिघाड का?

आपल्या भागात या तक्रारी पावसाळ्यात अधिक दिसतात, त्याला कारणे आहेत. जून ते सप्टेंबर हवेत कमालीचा दमटपणा असतो. पेणच्या बाजूला धरमतर खाडीची आणि मिठागरांची खारी हवा असते. कॅबिनेटमध्ये साचलेली धूळ हा ओलावा धरून ठेवते आणि धातूच्या टोकांवर हळूहळू थर चढतो. त्यातच वीज जाणे-येणे, दाब कमी-जास्त होणे हे चालूच असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आणि तारा कोसळल्या, अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. एवढे मोठे संकट दरवर्षी येत नाही. पण वीज परत येताना बसणारा लहानसा झटका दर पावसाळ्यात येतो. प्रवेशाचे फॉर्म आणि गणपतीपूर्वीची घाई हीही नेमकी याच महिन्यांत. म्हणजे काम सर्वांत जास्त तेव्हाच यंत्र सर्वांत नाजूक अवस्थेत असते.

आधी एक प्रश्न विचारा

कॉम्प्युटर सुरू होताच मदरबोर्ड प्रथम स्वतःची, रॅमची आणि कार्डाची तपासणी करतो. कंपनीचे नाव किंवा चिन्ह स्क्रीनवर दिसते ते याच वेळी. विंडोज त्यानंतर सुरू होते. म्हणून पहिला प्रश्न असा: स्क्रीनवर अगदी सुरुवातीपासून काहीच दिसत नाही, की आधी चिन्ह दिसते आणि विंडोज येताना स्क्रीन काळी होते?

सुरुवातीपासूनच काही दिसत नसेल तर विंडोजचा दोष नाही. केबल, वीज, रॅम, सेटिंग किंवा कार्ड यांत शोध घ्यावा. चिन्ह व्यवस्थित दिसून नंतर काळोख होत असेल तर कार्ड बहुधा जिवंत आहे आणि दोष ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता मोठी. एवढ्या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

कॅबिनेट न उघडता

१) मॉनिटरचे स्वतःचे बटण दाबून त्याचा मेनू येतो का ते पाहावे. मेनू आला तर मॉनिटरला वीज आहे आणि त्याची स्क्रीन चालू आहे. मेनूमध्ये इनपुट योग्य निवडले आहे का तेही बघावे. केबल एचडीएमआयला आणि निवड व्हीजीएची, असे पुष्कळदा झालेले असते.

२) केबल कोठे लावली आहे? कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डचे सॉकेट असतात आणि त्यांच्या खाली आडव्या पट्टीत कार्डाचे. वेगळे कार्ड बसवलेले असेल तर केबल कार्डालाच हवी. साफसफाईनंतर किंवा टेबल हलवल्यावर ती चुकून वर लागते आणि स्क्रीन काळी राहते.

३) दुसरी केबल लावून पाहावी. जुना व्हीजीए मॉनिटर आणि नवे कार्ड असेल तर मध्ये कन्व्हर्टर असतो. कार्डापेक्षा तो स्वस्त कन्व्हर्टरच आधी बिघडण्याचा संभव अधिक.

४) प्लग काढून कॅबिनेटचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. आत साठलेली वीज निघून जाते. मग माऊस, कीबोर्ड आणि मॉनिटर एवढेच जोडून पुन्हा सुरू करावे.

कॅबिनेट उघडल्यावर

प्लग भिंतीतून काढल्याशिवाय आत हात घालू नये. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

आता मदरबोर्डची खूण ऐका किंवा पाहा. लहान स्पीकर असेल तर बीप वाजते. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. एएमआय बायोसमध्ये आठ आखूड बीप म्हणजे कार्डाच्या मेमरीची तक्रार. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर स्पीकरऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो, तिथे काम अडले आहे असे समजावे. डीरॅमचा दिवा पेटलेला असताना कार्ड बदलणे म्हणजे डोके दुखत असताना पायाला मलमपट्टी करणे होय.

त्यानंतर रॅम आणि कार्ड दोन्ही काढून पुन्हा बसवावेत. कार्डाचा स्क्रू काढून स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबली की ते सरळ वर निघते. कार्डाच्या सोनेरी टोकांवरून मऊ पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, कण ब्रशने झटकावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाल्यास अधिक उत्तम. पॉलिश पेपर, ब्लेड किंवा पेट्रोल यांचा वापर करू नये. सोन्याचा पातळ मुलामा एकदा निघाला की परत येत नाही. पुन्हा बसवताना खिट्टीचा 'टक' असा आवाज यावयास हवा. जड कार्ड एका बाजूने लोंबकळत असेल तर त्याला खालून आधार द्यावा.

विजेचा हिशेब

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते: सहा पिनांची केबल ७५ वॅट, आठ पिनांची १५० वॅट. ही केबल लावायची राहिली, किंवा अर्धवट बसली, तर पंखा फिरतो पण चित्र येत नाही. प्रोसेसरची आठ पिनांची केबल वेगळ्या रचनेची असते. ती जोर लावून कार्डात बसवू नये. नव्या मोठ्या कार्डांना सोळा पिनांचा एकच जोड असतो. २०२२ मध्ये असे जोड वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि जोड पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण आढळले.

एसएमपीएस घेताना डब्यावरील मोठा आकडा पाहून फसू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचावे. समजा वर '५०० वॅट' लिहिले आहे आणि १२ व्होल्टला १८ अँपिअर आहेत. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. प्रोसेसरने ६५ आणि कार्डाने १५० वॅट मागितले की २१५ झाले, म्हणजे काहीच शिल्लक उरले नाही. असा कॉम्प्युटर सुरू होईलही, पण भार पडताच बंद पडेल आणि दोष मात्र कार्डाच्या माथी येईल. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दाब मिळावयास हवा.

आखातातून यंत्र आणणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सौदी अरेबियात पूर्वीपासून घरोघरी १२७ व्होल्ट वीज होती. तेथून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लाल बटण असू शकते. ते २३० वर नेल्याशिवाय आपल्याकडे प्लग लावला तर एसएमपीएस त्याच क्षणी जळतो आणि सोबत इतर भागही नेऊ शकतो.

निकाल देणाऱ्या दोन चाचण्या

इतके करूनही चित्र आले नाही तर कार्ड काढून ठेवावे आणि मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडावा. चित्र आले तर बाकी यंत्र ठीक आहे. यासाठी प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असावे लागते. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ते नसते. रायझनच्या ५००० मालिकेपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये नावाशेवटच्या अक्षरांत 'जी' असेल तरच ते असते. दुसरी चाचणी म्हणजे तेच कार्ड दुसऱ्याच्या चालू कॉम्प्युटरमध्ये लावून पाहणे. या दोन्ही चाचण्यांत कार्ड नापास झाले, तरच ते गेले असे म्हणावे.

सेटिंग आणि बटण-सेल

मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल असतो. तो संपला की घड्याळ मागे पडते आणि बायोसची सेटिंग पुसली जातात. जुने कार्ड नव्या मदरबोर्डवर चालण्यासाठी काही वेळा सीएसएम हे सेटिंग चालू असावे लागते. ते बंद झाले की जुने कार्ड मुके होते. सेल बदलून सेटिंग पुन्हा तपासावे. मात्र विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. नाहीतर कार्ड वाचेल आणि फाइली अडकतील.

चिन्ह दिसते, मग काळोख

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही तर सेफ मोडमध्ये जावे. तेथे चित्र स्वच्छ असेल तर जुना ड्रायव्हर काढून कार्डाच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून नवा घ्यावा, भलत्याच ठिकाणाहून घेऊ नये. मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' असे आले तर कार्ड बिघडलेले नाही. मॉनिटरला न झेपणारे रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट निवडला गेला आहे.

स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन, उभ्या रेघा येत असतील तर त्या केव्हा येतात ते पाहावे. बायोसच्या स्क्रीनवरही दिसत असतील आणि केबल व मॉनिटर बदलूनही जात नसतील, तर कार्डाची मेमरी किंवा चिप दुखावली आहे. केवळ जड काम करताना येत असतील तर उष्णता किंवा अपुरी वीज हे कारण असू शकते. पंखे व धूळ साफ करावी. अनेक नव्या कार्डांचे पंखे काम हलके असताना मुद्दामच थांबतात. त्याला बिघाड समजू नये.

घेणे आणि दुरुस्त करणे

कार्ड खरोखरच गेले असेल तर ते हीट गनने तापवण्याचे उपाय करू नयेत. चार दिवस चालून ते पुन्हा बंद पडते. प्रथम बिल आणि हमी पाहावी. दुबईहून आणलेल्या कार्डाची हमी इथे चालेलच असे नाही, घेण्यापूर्वीच विचारावे. जुने कार्ड घेताना अधिक सावध राहावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. म्हणून कार्ड आपल्यासमोर निदान अर्धा तास भाराखाली चालवून घ्यावे, सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहावा आणि पक्के बिलच घ्यावे. हमी असूनही दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि आपला जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे.

दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या तरुणांनाही आमचे एक सांगणे आहे. रॅम पुसून यंत्र सुरू झाले असेल तर ग्राहकाला तसेच सांगा आणि मेहनतीचे पैसे हक्काने घ्या. न गेलेले कार्ड 'गेले' म्हणून एकदा विकता येईल. पण पेण आणि रोहा ही एवढीशी गावे आहेत, इथे खोटे फार दिवस झाकून राहत नाही आणि खरे बोलणाऱ्याचे नावही तितक्याच लवकर पसरते. ग्राहकानेही दोन्ही चाचण्या आपल्यासमोर करावयास सांगाव्यात आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. त्यात संकोच कसला?

पाऊस सुरू होण्यापूर्वी मे महिन्यात एक दिवस काढून कॅबिनेट साफ करावे, अर्थिंग तपासून घ्यावे, यूपीएसची बॅटरी पाहावी आणि ढगांचा गडगडाट सुरू होताच प्लग काढण्याची घरात सर्वांना सवय लावावी. एक खोडरबर, एक ब्रश, एक जास्तीची केबल आणि एक बटण-सेल एवढे सामान टेबलाच्या खणात असले, तर ऐन हंगामात काम थांबण्याची वेळ पुष्कळदा टळेल.