घराची वीज शेडपर्यंत न्यायची, की शेडला वेगळा मीटर घ्यायचा?

मैत्रिणींनो, गटाला कर्ज मंजूर झालं की आपण आधी यंत्र बघायला जातो. गिरणी कुठली, किती एचपीची, कोटेशन कुणाचं स्वस्त, यावर दोन-तीन बैठका होतात. यंत्र ठेवायला कुणाच्या तरी परसातलं पत्र्याचं शेड ठरतं. लाईटचा विषय निघाला की एखादी ताई म्हणते, "त्यात काय, आमच्या घरातून वायर ओढू." आणि विषय तिथंच संपतो. प्रकल्प अहवालात विजेच्या खर्चाची ओळसुद्धा नसते. पुढची कटकट बहुतेक वेळा इथंच सुरू होते, म्हणून या अंकात हाच धडा घेतलाय.

समजा, घरापासून 40 मीटरवर शेड आहे. त्यात 3 एचपीची सिंगल फेज गिरणी बसवायची आहे, दोन बल्ब आणि एक पंखा लावायचा आहे. बल्ब-पंख्याची काळजी नको. खरा भार मोटारीचा. 3 एचपीची मोटार चालू असताना साधारण 15 अँपिअर करंट घेते. सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या पाचपट, म्हणजे 75 अँपिअरच्या आसपास ओढते. बैलगाडी चालू लागली की सोपी जाते, पण जागेवरून हलवताना बैलांना जोर लावावा लागतो, तसंच हे.

आता वायर बघा. घरातल्या बल्ब-पंख्याच्या फिटिंगला बहुधा 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर असते. तीच 40 मीटर ओढली तर मोटार चालू असताना वाटेतच 14-15 व्होल्ट खर्ची पडतात आणि सुरू होताना 70 च्या वर. आपल्याकडे संध्याकाळी मुळातच 200-210 व्होल्ट असतात. त्यातून 70 गेल्यावर मोटार नुसती घुमते, फिरत नाही. गिरणीवाला म्हणतो लाईट खराब, वायरमन म्हणतो मोटार खराब. शेवटी वाइंडिंग जळतं आणि रिवाइंडिंगचे पैसे गटाच्या खिशातून जातात. त्याच अंतराला 6 चौरस मिमी तांब्याची केबल घातली, तर चालू मोटारीला चारेक व्होल्ट आणि सुरू होताना वीसच्या आत तूट येते. अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण त्याच कामाला ती 10 चौरस मिमीची लागते. दुकानदाराला नुसतं "जाड वायर द्या" म्हणू नका. अंतर किती आणि मोटार किती एचपीची, हे सांगूनच केबल घ्या.

केबल जाड घेतली म्हणजे सगळं सुटलं असं नाही. घराचा मीटर घरगुती दराचा असतो. गिरणी हा व्यवसाय आहे, महावितरणच्या दरपत्रकात ती औद्योगिक वर्गात येते. राहत्या घराच्या एका भागात छोटा उद्योग असेल आणि एकूण वापर महिन्याला 300 युनिट व वर्षाला 3600 युनिटच्या आत असेल, तर घरगुती दराची सवलत दरपत्रकात दिलेली आहे. पण आपलं शेड घरापासून लांब आहे. ते "घराचा भाग" धरतात का, हे उपविभागीय कार्यालयात चालू दरपत्रक दाखवायला सांगून विचारा. शेजारच्या गावात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं समजू नका. हिशेबही करून बघा. ही गिरणी पूर्ण भारावर तासाला तीनेक युनिट खाते. रोज चार तास, महिन्याला 25 दिवस धरले तर 300 युनिट गिरणीतच संपले, घरचा टीव्ही आणि मिक्सर वेगळाच. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली, तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. हे बिल मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतं, आणि मीटर बहुतेक घरांत सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो.

शेतीपंपाच्या लाईनवरून जोडणी घेऊ, असंही कुणी सुचवतं. तो तर याहून मोठा गुन्हा. शिवाय शेतीची लाईट ठरलेल्या तासांपुरती असते, आणि दळण घेऊन आलेली बाई रात्री दोनला येणार नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते विजेचं नाही. घरच्या मीटरवर गिरणी चालली की बिल कुणी किती भरायचं, हा वाद दर महिन्याला निघतो. उद्या त्या ताईच्या घरात भांडण झालं किंवा तिने गट सोडला, तर घरातलं कुणीही एक खटका बंद करून दहा बायकांचा धंदा थांबवू शकतं. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून मोटार 2-3 एचपीची असेल आणि काम रोजचं असेल, तर शेडला वेगळा मीटर घ्या. औद्योगिक दराचा स्थिर आकार दर महिन्याला बसतो, हे खरं. पण खर्च उघड दिसतो, वहीत लिहिता येतो आणि दळणाचा दर त्यावरून ठरवता येतो.

अर्जासाठी जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र किंवा भाडेकरार, ओळखपत्र, गटाचा ठराव आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा चाचणी अहवाल तयार ठेवा. जोडणी गटाच्या नावाने कशी मिळेल, हे आधी विचारा. थ्री फेज जवळ असेल तर तीही विचारात घ्या. 3 एचपीची थ्री फेज मोटार दर फेजला पाचेक अँपिअरच घेते आणि सुरूही सोपी होते.

घरची वायर कधी चालेल? शेडमध्ये शिलाई यंत्रं, पॅकिंगचं सीलर, दिवे एवढंच असेल आणि शेड अंगणाला लागून असेल, तर चालेल. त्यातही शेडचा एमसीबी वेगळा हवा. सोलरबद्दल बऱ्याच जणी विचारतात. दिव्यांना बॅटरीवालं छोटं सोलर उत्तम. गिरणीला बॅटरी परवडत नाही. आणि छतावरचं बिनबॅटरीचं, मीटरला जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

मीटर कुणाचाही असो, पत्र्याच्या शेडमध्ये काही गोष्टींना माफी नाही. वायरचं इन्सुलेशन पत्र्याच्या कडेवर घासून फाटलं की अख्खं शेड करंटमध्ये येतं. त्याच शेडच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते आणि ओले कपडे घेऊन तिथं जाणारी बाईच असते. म्हणून वायर पत्र्यातून पाइप घालूनच आत घ्या आणि कपड्यांची तार शेडला बांधूच नका. केबल जमिनीतून नेणार असाल तर आर्मर्ड केबल अडीच फूट खोल, वाळूवर ठेवून वरून विटा लावून गाडा. झाडाच्या फांदीवरून किंवा कुडावरून वायर नेऊ नका. शेडला स्वतःचं अर्थिंग करून घ्या. गिरणीची बॉडी आणि पत्रे दोन्ही त्याला जोडा, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारा वायरमन भेटला तर त्याला परत पाठवा.

आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो हा. त्यावर टी अक्षराचं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. पडला नाही तर आरसीसीबी बदलेपर्यंत गिरणी बंद ठेवा. महिन्याच्या बैठकीच्या दिवशी मीटरचं रीडिंग घ्यायला जी ताई जाते, तिनेच ते बटण दाबून बघावं आणि रीडिंगशेजारी वहीत "खटका पडला" असं लिहून सही करावी.